घटक ४ : कामाची नोंद, ध्येय आणि मनःस्वास्थ्य – कार्यालयीन कामाचे व्याकरण

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• कामाची नोंद आणि मराठी वाक्यरचना यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• स्प्रेडशीटमध्ये मराठी मजकूर, दिनांक व अंक बिनचूक नोंदविता येतील.
• ‘प्रलंबित’ आणि ‘प्रतीक्षाधीन’ या संज्ञांतील फरक सांगता येईल.
• कामाचे व अभ्यासाचे ध्येय नेमक्या वाक्यात मांडता येईल.
• कामाचा ताण कमी करण्यासाठी नोंदीचा उपयोग करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, कार्यालयीन पत्र, टिपणी आणि इतिवृत्त हे व्यावहारिक मराठीचे नेहमीचे लेखनप्रकार आहेत. कार्यालयात याहून अधिक वेळ ज्या लेखनात जातो, त्याकडे मात्र भाषेचा अभ्यासक सहसा वळत नाही. ते लेखन म्हणजे नोंद. आवक-जावक नोंदवही, हजेरीपत्रक, थकबाकीची यादी, साठानोंद, कार्यविवरण नोंदवही अशा अनेक नोंदी रोज केल्या जातात. आता त्यांतील बहुतेक नोंदी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये होतात.

तुमच्यापैकी अनेकजण दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करतात. कोणी तहसील कार्यालयात, कोणी शाळेच्या कार्यालयात, कोणी पतसंस्थेत, तर कोणी दुकानाच्या हिशेबाच्या टेबलावर काम करत असेल. ‘काम संपतच नाही’ आणि ‘नेमके किती काम उरले आहे ते कळत नाही’ ही दोन वाक्ये तुम्हांला परिचित असतील. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिलीवर उपाय करणे नेहमीच आपल्या हाती नसते. दुसरीवर उपाय करता येतो आणि तो बराचसा भाषेचा उपाय आहे. स्प्रेडशीटमधील प्रत्येक ओळ हे एक वाक्य असते. ते वाक्य पूर्ण असेल तर काम पुढे सरकते, अपूर्ण असेल तर अडते. या घटकाचा हाच मुख्य विचार आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नोंदीची ओळ : एक वाक्य

एका नगरपरिषदेच्या कार्यालयातील नोंद कल्पनेने पाहू. ‘शेरा’ या रकान्यात पुढील मजकूर आहे : “गणेशनगरातून नळजोडणीचा अर्ज आला, पाणीपुरवठा विभागाकडे पाठविला, अजून कळविले नाही, पुन्हा विचारणे.”

वाचताना हा मजकूर समजतो असे वाटते. परंतु अर्ज कोणी केला, कधी आला, विभागाकडे केव्हा पाठविला, कोणी कोणाला कळवायचे होते आणि पुन्हा कोणी विचारायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नाही. असे दोनशे शेरे जमले की ती नोंदवही लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही. तो कर्मचारी रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली, तर अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

व्याकरणाच्या अभ्यासात तुम्ही कारकविचार पाहिला आहे. क्रियेशी नामाचा असलेला संबंध म्हणजे कारक. पाणिनीय परंपरेत कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण अशी सहा कारके मानली जातात. हाच विचार नोंदीला लावून पाहा.

• अपादान – काम कोणाकडून आले? (रकाना : अर्जदार)
• कर्म – नेमके काय करायचे आहे? (रकाना : विषय)
• कर्ता – ते कोण करणार? (रकाना : हाताळणारे)
• संप्रदान – फलित कोणाला द्यायचे? (रकाना : उत्तर कोणास)
• करण – कशाच्या आधारे? (रकाना : नियम किंवा जोडलेली कागदपत्रे)
• अधिकरण – केव्हा आणि कोठे? (रकाने : आवक दिनांक, मुदत, प्रभाग)

यांच्या जोडीला क्रियेची अवस्था सांगणारा ‘स्थिती’ हा रकाना हवा. प्रत्येक नोंदवहीत हे सर्व रकाने असलेच पाहिजेत असे नाही. मात्र कोणताही रकाना गाळताना आपण वाक्यातील कोणता भाग गाळत आहोत, याचे भान हवे. कार्यालयीन नोंदींत सर्वाधिक वेळा गाळला जातो तो कर्ता.

‘शेरा’ हा रकाना अवश्य ठेवावा. पण जी माहिती वारंवार लिहावी लागते तिला स्वतंत्र रकाना द्यावा. एका सेलमध्ये एकच बाब असावी, हा नियम याच विचारातून येतो.

४.३.२ सामान्यरूप आणि संगणक

मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना नामाच्या रूपात अनेकदा बदल होतो, यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. ‘पुणे’चे ‘पुण्याला’, ‘सातारा’चे ‘साताऱ्यातील’, ‘नाशिक’चे ‘नाशकात’ होते. मराठी माणसाला ही रूपे एकाच गावाची आहेत हे सांगावे लागत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ‘पुणे’ आणि ‘पुण्याला’ या अक्षरचिन्हांच्या दोन भिन्न मालिका आहेत. ‘काउंटइफ’ या सूत्राने ‘पुणे’ असलेल्या ओळी मोजल्या, तर ‘पुण्यातील’ असे लिहिलेल्या ओळी मोजणीत येत नाहीत. यावर उपाय म्हणून ‘पुण’ने सुरू होणारे सर्व शब्द शोधले, तर ‘पुणतांबा’ही त्यात येतो.

म्हणून रकान्यात नाम नेहमी प्रत्ययरहित मूळ रूपात लिहावे. ‘पुणे’, ‘सातारा’, ‘नाशिक’ एवढेच. संबंध दाखविण्याचे काम रकान्याच्या शीर्षकाने करायचे असते. ‘जन्मगाव’ या शीर्षकाखालील ‘नाशिक’ आणि ‘बदलीचे ठिकाण’ या शीर्षकाखालील ‘नाशिक’ यांचा अर्थ वेगळा कळतो, कारण वाक्यात विभक्ती जे काम करते तेच येथे शीर्षक करते.

आणखी चार गोष्टींकडे लक्ष द्या.

१. लेखनभेद : ‘प्रलंबित’ आणि ‘प्रलंबीत’ हे संगणकाला दोन शब्द वाटतात. शब्दानंतर नकळत पडलेली मोकळी जागाही वेगळेपणा निर्माण करते. ज्या रकान्यात ठरावीक शब्दच यायचे आहेत, तेथे ‘डेटा व्हॅलिडेशन’ या सोयीने पर्यायांची यादी द्यावी. लिहिणाऱ्याने टंकलेखन न करता यादीतून निवड करावी. शुद्धलेखनाचा नियम येथे थेट मोजणीच्या अचूकतेशी जोडलेला आहे.

२. फाँट : ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकात तो रोमन चिन्हांच्या रूपात साठविलेला असतो. फाँट बदलताच तो वाचता येत नाही आणि मराठी शब्द टंकून शोधताही येत नाही. नवी नोंदवही युनिकोडमध्येच करावी. जुनी वापरायची असल्यास आधी तिचे रूपांतर करून घ्यावे.

३. अंक : देवनागरी अंकांत टंकलेली रक्कम अनेकदा मजकूर म्हणून धरली जाते. अशा वेळी ‘सम’ हे सूत्र ती वगळून उरलेल्यांची बेरीज देते आणि काही वगळल्याची सूचनाही देत नाही. आपण स्वतः मांडणी बदललेली नसेल तर अंक सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला राहतो. बेरीज करण्यापूर्वी रकान्यावरून नजर फिरवून ही खूण पाहावी. ‘५०० रु.’ असे एकाच सेलमध्ये लिहू नये. ‘रक्कम (रुपये)’ हे शीर्षक पुरेसे असते.

४. दिनांक : एक्सेलमध्ये दिनांक हा मुळात क्रमांक असतो. त्यात १ जानेवारी १९०० चा क्रमांक १ आहे, तर १ जानेवारी २०२५ चा ४५,६५८. म्हणूनच दिनांकात दिवस मिळवून मुदत काढता येते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०४/०५/२०२५ हा ४ मे न राहता ५ एप्रिल होतो, आणि २५/०५/२०२५ हा दिनांक न मानता केवळ मजकूर मानला जातो. एकाच रकान्यात काही दिनांक चुकलेले आणि काही निरुपयोगी, अशी स्थिती होते. काम सुरू करण्यापूर्वी दिनांकाची मांडणी तपासा आणि महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप निवडा.

याशिवाय, दोन सेल जोडून मोठे शीर्षक करण्याचा मोह मुख्य नोंदवहीत टाळावा. जोडलेल्या सेलमुळे क्रमवारी लावताना अडचण येते. सामायिक नोंदवहीत आधार क्रमांक, बँक खाते यांसारखा खासगी तपशील गरजेशिवाय लिहू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते लिहा.
अ) ‘गाव’ या रकान्यात ‘साताऱ्यातील’ असे लिहावे.
आ) मजकूर म्हणून धरलेली रक्कम बेरजेतून वगळली जाते.
इ) स्थितीच्या रकान्यात प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिणे इष्ट असते.

४.३.३ सहा गठ्ठे आणि ‘स्थिती’चा रकाना

स्प्रेडशीट नवी असली तरी कामाचे वर्गीकरण करण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ प्रचलित आहे. तिच्यानुसार टेबलावरील कागदपत्रे पुढील गठ्ठ्यांत विभागली जातात : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गातील कागदपत्रे.

या पद्धतीतील पहिल्या दोन संज्ञा भाषेच्या अभ्यासकाने नीट पाहाव्यात. ‘प्रलंबित’ म्हणजे ज्यावर आपण स्वतः कार्यवाही करायची आहे ते प्रकरण. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे ज्यावर आपले काम करून झाले आहे आणि ज्यासाठी दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे ते. दोन्ही प्रकरणे अपूर्णच आहेत, पण त्यांचा कर्ता वेगळा आहे. बोलताना आपण दोहोंना ‘पेंडिंग’ म्हणतो आणि हा भेद पुसला जातो. मग चाळीस प्रकरणे ‘पेंडिंग’ असलेला कर्मचारी चाळीसांचे ओझे वागवतो. त्यांपैकी पंचवीस प्रतीक्षाधीन असतील, तर त्याने आज प्रत्यक्ष हाती घ्यायची प्रकरणे पंधराच आहेत.

स्थितीच्या रकान्यासाठी ‘प्रलंबित’, ‘प्रतीक्षाधीन’, ‘निकाली’ हे तीन पर्याय बहुतेक कार्यालयांना पुरतात. ‘प्रतीक्षाधीन’ निवडल्यास ‘कोणाच्या उत्तराची प्रतीक्षा’ आणि ‘स्मरणपत्राचा दिनांक’ हे दोन रकाने भरणे आवश्यक मानावे. एरवी प्रतीक्षाधीन हा शब्द विसरण्याची सोय होऊन बसतो.

मुदतीचा रकाना सूत्राने भरावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सर्वसाधारण अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अर्ज ३ मार्चला मिळाला असेल तर आवक दिनांकात ३० मिळवून २ एप्रिल ही मुदत येते. महाराष्ट्रात शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्यानुसार कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये. कामाचे दिवस मोजण्यासाठी ‘वर्कडे’ हे सूत्र उपयोगी पडते. ते शनिवार-रविवार वगळते. इतर सुट्ट्यांची यादी मात्र आपण द्यावी लागते. मुदत जवळ आलेल्या ओळी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने रंगवाव्यात. रंग एक-दोनच असावेत; सर्वच ओळी रंगीत झाल्या तर रंगाला अर्थ उरत नाही.

कार्यालयात आपण ‘गोषवारा’ काढतो. स्प्रेडशीटमधील ‘पिव्होट टेबल’ हा तोच गोषवारा आहे. किती प्रकरणे आली, किती निकाली निघाली, कोणत्या विभागाकडे किती अडली, हे त्यातून काही क्षणांत दिसते. अर्थात आधीच्या विभागात सांगितलेली शिस्त पाळलेली असेल तरच.

४.३.४ ध्येयाचे वाक्य

“प्रलंबित प्रकरणांचा तातडीने निपटारा करण्यात यावा.” अशी वाक्ये तुम्ही आदेशांत वाचली असतील. ‘करण्यात यावा’, ‘करण्यात येत आहे’ या कर्मणी धाटणीच्या रचना कार्यालयीन मराठीत सर्वत्र आढळतात. त्यांना कारण आहे. आदेश व्यक्तीचा नसून कार्यालयाचा असतो, हे त्यातून सूचित होते. परंतु हीच रचना आपण स्वतःच्या ध्येयासाठी वापरली की कर्ता नाहीसा होतो, आणि ज्या कामाला कर्ता नाही ते कोणीच हाती घेत नाही.

ध्येयाच्या वाक्यात पुढील चार गोष्टी पाहा : कर्ता कोण, क्रियापद कोणते, परिमाण किती आणि मुदत कोणती. ‘प्रयत्न करणे’, ‘लक्ष देणे’, ‘वाढविणे’ ही क्रियापदे पूर्ण झाली की नाही हे ठरविता येत नाही. ‘पाठविणे’, ‘तपासणे’, ‘लिहिणे’, ‘मोजणे’ यांची पूर्तता पडताळता येते. वरील आदेश स्वतःसाठी असा लिहिता येईल : “मी शुक्रवारपर्यंत फेब्रुवारीतील १२ प्रलंबित अर्जांची छाननी करून त्रुटिपत्रे पाठवीन.”

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या अभ्यासकांनी ध्येयनिश्चितीविषयी दीर्घकाळ संशोधन केले. केवळ ‘शक्य तितके चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि आव्हानात्मक ध्येय दिल्यास कामगिरी सुधारते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ते ध्येय व्यक्तीने मनापासून स्वीकारलेले असावे लागते आणि प्रगती तिला कळत राहावी लागते. नोंदवही ही प्रगती दाखविते.

ध्येय ठरले तरी प्रारंभ राहून जातो. यासाठी पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने परिस्थिती आणि कृती यांची आधीच सांगड घालण्याचा उपाय मांडला. मराठीत यासाठी ‘जेव्हा–तेव्हा’ ही मिश्रवाक्याची रचना तयारच आहे. “जेव्हा मी सकाळी टेबलावर बसेन, तेव्हा टपाल उघडण्यापूर्वी आज मुदत असलेल्या ओळी पाहीन.” अभ्यासासाठीही असेच वाक्य करता येते. “जेव्हा रात्रीची भांडी आवरून होतील, तेव्हा मी घटकाची चार पाने वाचीन.” या वाक्यातील गौणवाक्य तुमच्या रोजच्या जीवनातील निश्चित घडणाऱ्या घटनेचे असावे. ‘जेव्हा वेळ मिळेल’ हे गौणवाक्य येथे चालणार नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) ‘प्रलंबित’ व ‘प्रतीक्षाधीन’ यांतील फरक एका वाक्यात लिहा.
आ) ‘यंदा अभ्यासाकडे अधिक लक्ष द्यायचे आहे’ हे ध्येय कर्ता, पडताळता येणारे क्रियापद, परिमाण व मुदत यांसह पुन्हा लिहा.

४.३.५ नोंद आणि मनःस्वास्थ्य

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ मध्ये असे निरीक्षण मांडले, की मध्येच थांबविलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. पुढील सर्व प्रयोगांत हा निष्कर्ष सारखाच आला नाही. तरी घरी जेवताना कार्यालयातील अपुरे पत्र आठवणे हा अनेकांचा अनुभव आहे. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखविले, की अपूर्ण ध्येयासाठी नेमकी योजना केली तर त्याचे विचार मनात डोकावणे कमी होते. काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही. ते केव्हा व कसे करणार हे ठरले, तरी मनाला उसंत मिळते.

यावरून एक साधी सवय सांगता येईल. कार्यालय सुटण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे नोंदीसाठी राखा. आज निकाली निघालेल्या ओळींची स्थिती बदला, अपुऱ्या कामाची पुढची पायरी क्रियापदासह लिहा, उद्याची पहिली तीन कामे ठरवा आणि फाइल बंद करा. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फूट अंतरावरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा डोळ्यांसाठी सल्ला दिला जातो. तोही पाळण्यास सोपा आहे.

तथापि, नोंद नीट ठेवली म्हणजे ताण संपेल, असे मानणे चुकीचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसंबंधी स्पष्ट केले, की ‘बर्नआउट’ ही कामाशी निगडित स्थिती आहे. तिला रोग म्हटलेले नाही. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा नकारात्मकता आणि परिणामकारकता घटणे, ही तिची तीन अंगे सांगितली आहेत. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा आणि नीट न हाताळलेला ताण हे तिचे कारण मानले जाते. म्हणजे उपायाची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. तिघांचे काम एकावर आले असेल, तर कोणतेही सूत्र ते हलके करणार नाही.

अशा वेळी नोंदवहीचा उपयोग वेगळा आहे. ‘मला फार काम आहे’ हे वाक्य वरिष्ठांना नेहमीचे वाटते. त्याऐवजी, “या महिन्यात माझ्याकडे ६४ प्रकरणे आली, ४१ निकाली निघाली, प्रतीक्षाधीन वगळता १५ माझ्याकडे आहेत, त्यांपैकी ९ ची मुदत या आठवड्यात संपते. यांतील कोणती आधी घ्यावीत आणि कोणती दुसऱ्याकडे देता येतील?” असे विचारल्यास चर्चा तक्रारीकडून निर्णयाकडे जाते. मदत मागण्याची ही भाषा आहे आणि तिच्यात कमीपणा नाही.

वरिष्ठ पदावर असलेल्या विद्यार्थ्यांनी याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी. कर्त्याचा रकाना जबाबदारी समजण्यासाठी असतो. तो दोषारोपासाठी वापरला, तर कर्मचारी खऱ्या नोंदी करणे थांबवितात. मग नोंदवही व्यवस्थित दिसते, पण तिच्यावरून कामाची खरी स्थिती कळत नाही. सतत झोप न लागणे, चिडचिड, निराशा अशी लक्षणे टिकून राहिली, तर सहकाऱ्यांशी, घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

४.४ सारांश

स्प्रेडशीटमधील ओळ हे वाक्य आहे आणि रकान्याची शीर्षके त्यातील संबंध सांगतात. म्हणून रकान्यात नाम मूळ रूपात, शब्द एकाच लेखनात, अंक व दिनांक योग्य स्वरूपात लिहावेत. ‘प्रलंबित’ आणि ‘प्रतीक्षाधीन’ यांतील भेद पाळल्यास आपल्या हाती असलेले काम कळते. ध्येयाच्या वाक्यात कर्ता, पडताळता येणारे क्रियापद, परिमाण आणि मुदत हवी. नोंद मनावरील भार काही प्रमाणात उतरविते. जो भार उतरत नाही, तो इतरांना दाखविता येईल अशा रूपात मांडते. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला उत्तराची वाट पाहणारा अर्जदार असतो, हे विसरू नये.

४.५ शब्दार्थ

रकाना – तक्त्यातील उभा स्तंभ
सेल – ओळ व रकाना यांच्या छेदावरील चौकट
नस्ती – एका विषयाच्या कागदपत्रांची फाइल
गोषवारा – माहितीचा संक्षेप
नियतकालिके – ठरावीक कालावधीने पाठवायची विवरणपत्रे
त्रुटिपत्र – अर्जातील उणिवा कळविणारे पत्र

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) अयोग्य आ) योग्य इ) अयोग्य
प्रश्न २ : अ) प्रलंबित प्रकरणावर आपण स्वतः कार्यवाही करायची असते, तर प्रतीक्षाधीन प्रकरणात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची असते. आ) नमुना उत्तर : मी या रविवारपर्यंत घटक ४ वाचून सरावातील दोन उत्तरे लिहीन.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. कारकविचाराच्या आधारे कार्यालयीन नोंदीची रचना सोदाहरण स्पष्ट करा.
२. सामान्यरूपामुळे संगणकीय नोंदीत निर्माण होणाऱ्या अडचणी व उपाय लिहा.
३. कार्यालयीन मराठीतील कर्मणी रचनेचे उपयोग व मर्यादा यांची चर्चा करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या कार्यालयातील, संस्थेतील किंवा घरच्या हिशेबाच्या वहीतील ‘शेरा’ रकान्याच्या वीस नोंदी घ्या. व्यक्तींची नावे गाळा. प्रत्येक नोंदीत कोणते कारक गाळले आहे ते लिहा आणि त्या नोंदींसाठी रकान्यांची नवी रचना करा. नव्या रचनेत एक आठवडा नोंदी करून, त्यामुळे काय सोपे झाले आणि काय अवघड झाले, यावर दीडशे शब्दांत टिपण लिहा.